नानांच्या नावावरचा चंदेरी रंग

धुळ्याच्या प्रदर्शनात लोकांनी जे चंदेरी हेल्मेट गर्दी करून पाहिलं, ते नानांनी रंगवलेलं नव्हतं. त्यावर पहिल्यांदा चंदेरी रंग चढवला तो मी. मुद्दा एवढाच आहे. तो एका ओळीत मावतो, तरी सकाळपासून मी तीनदा उठून ओट्यावर जाऊन आलो. हे बसून लिहिणं मला जमत नाही. पण आता वय असं आहे की पुढच्या वर्षी लिहू म्हणण्यात अर्थ नाही.

नाना म्हणजे माझ्या मित्राचे वडील. मित्राचं जळगावात अजिंठा रोडच्या बाजूला स्कूटर आणि मोटारसायकलींच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. तिकडे आयुष्यभर त्यांनी बैलगाड्या रंगवल्या आणि म्हातारपणी लेकाकडे आले. घरात बसवेना म्हणून रोज गॅरेजवर यायचे. झाडलोट करायचे, ब्रश धुऊन ठेवायचे, दुपारी तिथल्याच खाटेवर पडायचे. गॅरेजच्या कुलपाची एक किल्ली त्यांच्या कमरेला असायची. मी पाइपांच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. सुटी झाली की सायकल घेऊन सरळ गॅरेजवर.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गल्लोगल्ली व्हिडिओ कॅसेट भाड्यानं मिळायला लागल्या होत्या. मित्रानं एकदा एक परदेशी सिनेमा आणला. अंतराळातलं एक मालवाहू यान, आणि त्याचा चालक. भाषा आम्हाला कळत नव्हती. पण त्या चालकाच्या डोक्यावर जे हेल्मेट होतं, ते पाहून मित्र उठून टीव्हीजवळ जाऊन बसला. हेल्मेट जुनं होतं. टवके उडालेले, कडेला गंज, एका बाजूला भाजल्याचा डाग. आतापर्यंत पडद्यावर पाहिलेली अंतराळातली सगळी माणसं लाँड्रीतून आल्यासारखी स्वच्छ असायची. हा मात्र आमच्या ट्रकवाल्यांसारखा होता.

"हे मी बनवणार," मित्र म्हणाला.

"डोक्यात घालून भुसावळला जाणार का?"

"घालायचं नाही भो. बनवायचं."

मग आमचं वेड सुरू झालं. एका मडक्यावर कागदाचे थर खळीनं चिकटवून घुमट केला. नाकापुढच्या नळ्यांसाठी मी कारखान्यातून रिजेक्ट झालेले पाइपाचे तुकडे आणले. ठिबक सिंचनाच्या बारीकसारीक जोडण्यांची पिशवी भरून आणली. त्या उलट्या लावल्या की खरोखर कुठल्या तरी यंत्राच्या वाटायच्या. त्यावर पुट्टी, पुट्टीवर पाणकागद, पुन्हा पुट्टी, पुन्हा पाणकागद. घासायचं काम माझं. बादलीत कागद बुडवायचा आणि हात फिरवत राहायचं. डोळे मिटून बोट फिरवलं तर कागदाची शिवण लागता कामा नये, असं मित्राचं म्हणणं होतं. माझ्या बोटांची टोकं इतकी झिजली की कारखान्यात पावत्या मोजताना कागदापासून कागद सुटायचा नाही.

आणि भांडणं. कॅसेट म्हणजे नकलेची नक्कल. रंग सांडल्यासारखे एकमेकांत मिसळलेले. चित्र थांबवलं की ते थरथरायचं, वरून खाली पांढरे पट्टे धावायचे, आणि आम्ही नाक लावून बघेपर्यंत मशीन आपोआप बंद व्हायचं. हेल्मेट करडं की हिरवं, यावर आम्ही अख्खा उन्हाळा भांडलो. कपाळावर एक तिरका ओरखडा दिसायचा. मित्र म्हणे तो हेल्मेटचा आहे. मी म्हणे तो कॅसेटचा आहे, तो तर सिनेमातल्या बाईच्या तोंडावरही दिसतो. शेवटी मित्रानं तो ओरखडा रंगवलाच. इतका सुंदर रंगवला, की मग मलाही तो खरा वाटू लागला.

नाना खाटेवरून हे ऐकायचे. एकदा त्यांच्या अहिराणीत विचारलं, "हाई डोकामा घालानं शे का मोटारले लावानं शे?"

"दोन्ही नाही नाना," मी म्हटलं. "नुसतं ठेवायचं आहे."

"मंग इतलं घासस कसाले रे पोऱ्या?" असं म्हणून ते खूप वेळ एकटेच हसत राहिले.

मित्राचा हात मात्र विलक्षण होता, हे मला मान्य केलंच पाहिजे. खाली चांदी रंगाचा हात दिला, त्यावर पाणी शिंपडून जाडं मीठ टाकलं, वरून करडा रंग स्प्रेनं मारला. वाळल्यावर मीठ झाडलं, तर जिथं जिथं खडा होता तिथं टवका उडून खालचा धातू दिसावा तसं झालं. गेरूचा गंज केला. स्कूटरचं जळकं ऑइल चिंधीनं खाचांत भरून पुसलं. चिमणीची काजळी बोटानं लावून भाजल्याचा डाग केला. माझं इतक्या महिन्यांचं घासणं त्या डागांखाली गेलं. गुळगुळीत पृष्ठभाग कोणाला दिसणारच नव्हता. तो दिसू नये म्हणूनच सगळी खटपट होती. हे मला समजत होतं, आणि तरी आत काही तरी खुपत होतं.

गिऱ्हाईक आलं की मित्र ते दाखवायचा. लोक हात लावून बघायचे, बोटाला काळं लागेल या भीतीनं हात झटकायचे, आणि काहीच लागलं नाही की थक्क व्हायचे. एकानं माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"हा? हा आमचा घाश्या," मित्र म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. पुढे ते नावच पडलं. चहावाल्या पोऱ्यापर्यंत गेलं.

त्या वर्षी दसऱ्याला धुळ्यात हौशी लोकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. मित्रानं हेल्मेट तिथं द्यायचं ठरवलं. अष्टमीच्या सकाळी तो टेबल-जागा बघायला एसटीनं धुळ्याला निघाला. निघण्याआधी त्यानं स्वतः रंगवलेली फळी मला दाखवली. अक्षरं सुरेख होती. निर्मिती आणि रंगकाम, आणि खाली त्याचं नाव. एकट्याचं.

"आणि मी?" मी विचारलं.

"अरे, फळीवर जागा उरली नाही भो." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "आणि घासणाऱ्याचं नाव कोण लिहितं? घराच्या पाटीवर गवंड्याचं असतं का?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं. तो असंच बोलायचा. पण मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी न जाता गावात सायकल फिरवत राहिलो. एका जागी थांबवत नव्हतं. दुपारी गॅरेजवर आलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते आणि त्याआधी एकूणएक वस्तू धुऊन-पुसून लख्ख करतात. नानांच्या दृष्टीनं तो वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. सकाळपासून त्यांनी पाने-पक्कड रॉकेलनं धुतले होते. व्हाइसच्या शिकंज्याला आणि कंप्रेसरच्या चाकाला दरवर्षीसारखा चांदी रंग दिला होता. आता ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. बोटांना तो रंग तसाच लागलेला. डब्याचं झाकण नुसतं ठेवलेलं होतं, आणि ब्रश रॉकेलच्या वाटीत.

सगळं लखलखत होतं. मधोमध स्टुलावर ते हेल्मेट, मळकं, गंजकं, काजळलेलं.

मी ब्रश फडक्याला पुसला आणि रंगात बुडवला. अजाणता झालं, मळकं दिसलं म्हणून पुसायला गेलो, असं मी पुढे कित्येक वर्षं मनाशी घोळवलं. ते खोटं आहे. तो मळ नाही, मित्राचं कसब आहे, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. चांदी रंग एका हातात झाकतो. ओरखडा गेला, गंज गेला, भाजल्याचा डाग गेला, आणि त्याखालचा गुळगुळीत घुमट वर आला. माझा घुमट. मला मजा येत होती. हे लिहायला सगळ्यात जड जातं, पण तेच खरं आहे. एकदा खाट करकरली. मी वळून पाहिलं नाही. उरलेली बाजू भराभर रंगवली, ब्रश वाटीत टाकला आणि निघालो.

नानांवर आळ जाईल हे तेव्हा माझ्या मनात नव्हतं. बहुधा नव्हतं. पण घरी जाऊन मी बोटं रॉकेलनं घासली, मग साबणानं, मग पुन्हा रॉकेलनं. ज्याला कबूल करायचं असतं तो माणूस असं करत नाही.

संध्याकाळी राहवलं नाही म्हणून पुन्हा गेलो. मित्र नुकताच उतरून आला होता. आम्ही दोघं एकदमच आत शिरलो. तो स्टुलासमोर उभा राहिला. काही वेळ त्याला ते कळलंच नाही, दुसरीच वस्तू ठेवली आहे असं वाटलं असावं. मग तो ओरडला.

"नाना! हाई काय करी ठेवं?"

नाना दारात झेंडूच्या माळा ओवत होते. उठून आले. पाहिलं. "मी तं व्हाइसले रंग लावा. चाकले लावा. हाई माले याद नही."

"मंग कोन लावा? भूत उनं व्हतं का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग हेल्मेटकडे, मग स्वतःच्या बोटांकडे. बोटं चंदेरी होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, जणू दुसऱ्या कोणाची आहेत.

"मीच लावा व्हई भो," ते हळूच म्हणाले. "माले आते याद नही ऱ्हात."

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो काय, तर, "थिनरनं निघतं का बघू."

थिनरनं सगळंच सुटलं. चांदी, करडा, गेरू एकमेकांत कालवून चिखल झाला. मित्र फडकं फेकून बाहेर जाऊन बसला. नवमीच्या सकाळी, प्रदर्शनातली जागा रिकामी जाऊ नये म्हणून त्यानंच ते पुसून, दात-ओठ खात पुन्हा चंदेरी स्प्रे मारला. त्याखाली काय होतं ते परत आणायला वेळ नव्हता.

धुळ्यात गर्दी झाली. पोरं हेल्मेटसमोरून हलेनात. आरशासारखं होतं ते, त्यात त्यांना आपली तोंडं दिसत होती. जाकीट घातलेले एक गृहस्थ वाकून वाकून बघत होते. म्हणाले, "काय फिनिश आहे! एक शिवण नाही. कोणी केलं?"

मित्रानं फळी उलटी करून टेबलाखाली ठेवली होती. तो म्हणाला, "आमच्या वडिलांनी."

कडवटपणानं म्हणाला तो. पण त्या गृहस्थाला ते काय माहीत. "वा! या वयात?" म्हणाले, आणि आणखी चार माणसांना बोलावून आणलं. मी बाजूलाच उभा होतो. नाव हवं होतं मला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घासण्याचं कोणी कौतुक करत होतं, आणि ते नानांच्या नावावर जमा होत होतं. मी हॉलमधून बाहेर आलो, पुन्हा आत गेलो, पुन्हा बाहेर आलो.

जळगावात ही बातमी आमच्या आधी पोचली. गिऱ्हाइकं नानांना म्हणायची, "काय नाना, धुळ्यात नाव काढलंत म्हणे!" नाना हात जोडायचे. "माले याद नही भो," म्हणायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा विनयानं बोलतोय.

इथून पुढचं सांगायला मी बसलो आहे. हेल्मेटचं काय, कागदाचं होतं, पुढे पाण्यानं फुगून गेलं. पण नानांच्या मनात शंका बसली. मित्रानं आधी गॅरेजची किल्ली त्यांच्या कमरेची सोडवून घेतली. "आज रंग लावला, उद्या आग लावतील," तो म्हणाला. घरात वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोनं, त्यांना स्टोव्हला हात लावायला बंदी केली. हे सगळं काळजीपोटीच. पण त्याहून वाईट म्हणजे नानांनी स्वतःच एकेक गोष्ट सोडली. ब्रश धुणं सोडलं. एकट्यानं बाजारात जाणं सोडलं. ते जेवण झाल्यावर विचारायचे, "मी जेवनू का वं?" वहिनी डोळ्यांत पाणी आणून म्हणायच्या, "बघा भाऊजी, इतकं झालंय."

एकदा ते आणि मी दोघंच होतो. मी विचारलं, "नाना, खरंच आठवत नाही का? आत्ताच तर जेवलात."

ते म्हणाले, "जेवनू अशी याद शे. पन ती याद खरी शे का नही, कोनले माहीत?"

मी त्यांच्याजवळ बसू शकलो नाही. काही तरी काम आठवल्यासारखं करून उठलो.

पुढे त्यांना शिंदखेड्याकडे गावी, थोरल्या मुलाकडे ठेवलं. दोनेक वर्षांनी मी तिथं गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. धुळ्यापर्यंतच्या रस्त्यात वाक्यं पाठ केली. नाना दारात बाजेवर बसले होते. मला पाहताच त्यांनी नावानं हाक मारली. बायकोच्या बाळंतपणाची चौकशी केली, माझ्या सायकलची चेन सारखी पडायची ते काढलं, ठिबकच्या जोडण्यांची पिशवी कोणत्या रंगाची होती तेही सांगितलं. एकही गोष्ट चुकली नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले,

"तुले एक इचारू? त्या दिनले, मी झोपेल व्हतू तवय, तू उना व्हता ना दुपारले? माले असं वाटनं, तू उभा शे स्टूलपान. पन ते सपन व्हई."

म्हणजे खाट करकरली तेव्हा ते वळले होते.

ते माझ्याकडे बघत होते. त्यात आरोप नव्हता. त्यांना फक्त हवं होतं की मी 'हो' म्हणावं. एक 'हो', आणि त्यांना त्यांची आठवण परत मिळाली असती. आतून थोरली सून चहा घेऊन येत होती.

"स्वप्नच असेल नाना," मी म्हणालो. "मी नव्हतो आलो."

त्यांनी मान हलवली. "हां. सपनच व्हई," म्हणाले, आणि कप कोणत्या हातानं धरायचा हेही विसरल्यासारखे सुनेकडे पाहत राहिले.

रंग लावला तो द्वेषानं, एका दुपारच्या. त्याची शिक्षा मला कोणी दिली असती तर मी सोसली असती. पण त्या बाजेवर मी शुद्धीत होतो, शांत होतो, विचार करायला वेळ होता. त्यानंतर काही वर्षांनी नाना गेले. मी दशक्रियेला जाऊन जेवलो.

मित्र आता शिरपूरला मुलाकडे असतो. गुडघे गेले आहेत, दृष्टी बरी आहे. गेल्या चैत्रात मी त्याच्याकडे गेलो आणि बसायच्या आधीच, उभ्यानंच, सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे खुर्ची सरकवली. मग विचारलं, "किती हात दिले होतेस?"

"एकच."

"एकच." त्यानं मान खाली घातली. "आणि मी थिनर लावला तेव्हा एका फडक्यात सुटलं. नानांनी जन्मात कधी एका हातावर वस्तू सोडली नाही. गाडीच्या चाकालासुद्धा दोन हात द्यायचे. मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग म्हणाला, "तू मला सांगून मोकळा होऊ नको. आमच्या घरात अजून कोणी काही विसरलं की म्हणतात, तुझा नाना झाला का? नातवंडं म्हणतात. ज्यांनी त्यांना पाहिलंही नाही, ती म्हणतात. आखाजीला गावी ये. घागर भरायला सगळे जमतात. तिथं सांग."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. मी गेलो. घागरीवर खरबूज ठेवलं होतं, पुरणपोळीचा, सांजोऱ्यांचा वास होता, अंगणात पोरी झोक्यावर होत्या. पूजा झाल्यावर मित्र म्हणाला, "याला काही बोलायचंय, गप बसा सगळे." मी बोललो. दुपारचं, ब्रशचं, खाटेचं, आणि बाजेवरच्या त्या प्रश्नाचंही. शेवटी म्हणालो, "नानांचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. त्यांना जे आठवत होतं ते सगळं खरं होतं."

मला वाटलं होतं कोणी तरी ओरडेल. एक नातू हळूच "बाप रे" म्हणाला. वहिनी घागरीजवळ बसल्या होत्या. त्यांचेही केस आता पांढरे झाले आहेत. त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"म्हणजे भाऊजी, मी स्टोव्हला हात लावू देत नव्हते. त्यांना स्वतःचा चहा स्वतः करून प्यायची सवय होती."

"हो वहिनी."

"आणि आमच्या लहानग्या पिंट्याला कडेवर घेऊ देत नव्हते. कुठं ठेवून विसरतील म्हणून. ते नुसते हात पुढे करायचे."

उठायला म्हणून मी जमिनीवर हात टेकवला.

"एकदा म्हणाले, धान्याच्या कोठीला बुरशी लागतेय. मी म्हटलं, नाना, ते गेल्या वर्षीचं. मग ते गप्प बसले. कोठी उघडली तर बुरशी होती. मी तेव्हाही म्हटलं, चुकून बरोबर आलं असेल." त्यांनी पदरानं घागरीचं तोंड पुसलं. ते कोरडंच होतं. "आणि मग डॉक्टरकडे नेलं, त्या गोळ्या दिल्या, ज्यांनी दिवसभर झोपून असायचे. त्या कशासाठी दिल्या आपण?"

मित्र म्हणाला, "राहू दे आता."

"राहू कसं देऊ?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. "थांबा भाऊजी, उठू नका. अजून मला आठवतंय. त्या वर्षी आम्ही देवाला निघालो, तर त्यांना घरात ठेवून बाहेरून कडी लावली होती..."